घर-दुरुस्ती, प्रश्न वाचकांचे: पावसाळ्यात उचलली गेलेली बांबूची जमीन

गेल्या अंकात बांबूच्या फ्लोअरिंगबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रांत एकच सूर आहे: पट्ट्या बसवताना छान बसल्या, मग काय झालं कोण जाणे. त्यातली काही पत्रं इथे घेतो.

प्रश्न (डोंबिवली): आमचा टू बीएचके चौथ्या मजल्यावर आहे. मे महिन्यात हॉल, पॅसेज आणि बेडरूममध्ये जुन्या टाइल्सवरच स्ट्रँड वोव्हन बांबूच्या १४ मिलिमीटर जाडीच्या क्लिक-लॉक पट्ट्या बसवून घेतल्या. जुलैत पॅसेजच्या तोंडाशी दोन पट्ट्यांचा सांधा वर आला. पाय पडला की दबतो, पाय उचलला की पुन्हा वर येतो. बसवणारा म्हणतो माल खराब आहे, दुकानदार म्हणतो बसवणाऱ्याला काम येत नाही. सगळं उखडावं लागेल का?

उत्तर: नाही ताई, उखडू नका. तुमची जमीन बहुधा कोंडली गेली आहे, आणि ती मोकळी करता येते.

क्लिक-लॉक जमीन खालच्या टाइल्सना कुठेच चिकटवलेली नसते. सगळ्या पट्ट्या एकमेकींत अडकून एक मोठा सलग पाट तयार होतो आणि तो फोमवर नुसता पडून असतो. बांबू हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. साध्या लाकडाचा हिशोब सांगतो: हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातला ओलावा साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावतो, ८५ टक्के असेल तर १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. स्ट्रँड वोव्हनमध्ये बांबूचे धागे रेझिनमध्ये भिजवून प्रचंड दाबाखाली घट्ट केलेले असतात, म्हणून ते पाणी सावकाश पितात, पण पितातच. त्यामुळेच मेमध्ये बसवलेल्या जमिनीचं खरं रूप जूनअखेरीपासून पुढे कळू लागतं. पट्टी १३० मिलिमीटर रुंद धरा. चार मीटरच्या खोलीत अशा तीस ओळी बसतात. प्रत्येक पट्टी अर्धा मिलिमीटर जरी फुगली तरी एकूण जमीन १५ मिलिमीटरने वाढते. ती कुठे जाणार? भिंतीशी जागा असेल तर तिकडे सरकेल, नसेल तर वरच उठेल. ती उठते दाराच्या तोंडाशी, कारण तिथे जमीन अरुंद होते आणि चौकटीचे दोन्ही पाय तिला धरून ठेवतात.

मुलुंडच्या एका घरात नेमकी अशीच जमीन पाहिली. मालक शपथेवर सांगत होते की भिंतीशी गॅप सोडलेला आहे, आणि ते खरंही होतं. स्कर्टिंगचा एक तुकडा पटाशीने उचकटला तर आत बारा मिलिमीटरची सुरेख मोकळी जागा, आणि ती सबंध पांढऱ्या सिमेंटने भरलेली! नंतर आलेल्या रंगाऱ्याला ती फट वाटली, त्याने इमानाने बुजवली. बाल्कनीच्या ग्रॅनाइट पट्टीपाशी तर सिलिकॉनखाली सिमेंटचा कडक थर होता. तेवढं सगळं खरवडून काढलं, पट्ट्यांना हातही लावला नाही, आणि उंचवटा हळूहळू आपोआप बसला.

तेव्हा तुम्ही आधी शोध घ्या. चारही भिंतींशी एकेका जागी स्कर्टिंग सोडवा आणि १० मिलिमीटर प्लायचा तुकडा उभा धरून भिंत आणि पट्टी यांच्या मधे जातो का पाहा. मग चौकटींचे पाय, बाल्कनीची पट्टी, बाथरूमचा उंबरा, भिंतीतून येणारे पाइप हे सगळं तपासा. टीव्ही युनिट किंवा दाराचा मॅग्नेट पट्टीतून आरपार स्क्रू मारून खालच्या टाइलला बसवला असेल, तर तो जमिनीला ठोकलेला खिळाच समजा. एक जड कपाट एका बाजूला असेल तर जमीन दुसरीकडे सरकून घेते. दोन जड कपाटं समोरासमोर असतील तर मधली जमीन अडकते. तुमच्या पत्रात हॉलपासून बेडरूमपर्यंत सलग काम केल्याचं दिसतं, दारात टी-प्रोफाइल (दोन खोल्यांच्या जमिनींमधली फट झाकणारी टी-आकाराची पट्टी) नाही. माझ्या मते तुमचं मूळ दुखणं तिथेच आहे.

उपाय असा: दाराच्या बरोबर खाली, दार बंद केल्यावर फळीआड झाकली जाईल अशा रेषेत जमीन कापून हॉल आणि बेडरूम वेगळे करायचे. त्यासाठी मल्टी-कटर (छोटं सपाट पातं थरथरवून कापणारी मशीन) लागतो, गोल ब्लेडची मशीन चौकटीशी पोचत नाही. कापाची खोली १४ मिलिमीटरच ठेवा, नाहीतर खालची टाइल जाते. दोन्ही बाजूंना मिळून वीस-बावीस मिलिमीटरची फट करा, भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि वर टी-प्रोफाइल लावा. प्रोफाइलची मधली पट्टी खालच्या टाइलला पक्की करायची, बांबूला नाही. भिंतीकडे जागा कमी असेल तर तिथेही याच कटरने १२ मिलिमीटर मोकळे करून घ्या. नवीन स्कर्टिंग किमान १५ मिलिमीटर जाड घ्या म्हणजे फट झाकेल, आणि त्याचे खिळे भिंतीतच जाऊ द्या.

एक मनापासून विनंती. उंचवट्यावर गॅस सिलिंडर किंवा पाण्याची पिंपं ठेवून तो दाबू नका. लोक हे सर्रास करतात, त्यात पट्टीच्या कडेला लॉकची जी खाच असते तिचा खालचा ओठ तुटतो आणि पट्टी कायमची निकामी होते. ज्या दोन पट्ट्या आता पायाखाली दबतात, त्यांची लॉकं काम संपल्यावर तपासा. तुटली असतील तर जवळच्या भिंतीपासून ओळी सोडवत यायचं आणि तेवढ्याच बदलायच्या. म्हणून म्हणतो, उरलेली पेटी दुकानदाराला कधीच परत करू नका.

चूक मालाची की हाताची, याचं भांडण सोडवायला टॉर्च जमिनीलगत आडवा धरून पाहा. दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींना भिडून उठल्या असतील तर जागा कमी पडली. प्रत्येक पट्टीचा मध्य खोल आणि दोन्ही कडा वर दिसत असतील तर खालून ओल येते आहे. हा फोटो काढून दोघांनाही दाखवा. तुमचे पैसे कष्टाचे आहेत, तुम्हाला नीट उत्तर मिळायलाच हवं.

प्रश्न (चिपळूण): मी स्वतःच पट्ट्या बसवतो आहे. लांब बाजू बसते, पण टोकाचा आडवा सांधा मिलिमीटर-दोन मिलिमीटर उघडा राहतो. ठोकला तर कडेचं पॉलिश उडतं. तिसऱ्या ओळीनंतर तर काहीच जुळेना.

उत्तर: हातोडी खाली ठेवा आणि पहिली ओळ तपासा. तिसऱ्या ओळीत न जुळणं हा जवळजवळ नेहमीच पहिल्या ओळीचा दोष असतो. आपल्याकडच्या भिंती सरळ नसतात. पट्टी भिंतीला समांतर धरली तर भिंतीचा बाक जमिनीत उतरतो, आणि क्लिक-लॉकला अर्ध्या मिलिमीटरचा बाकही सोसत नाही. भिंतीपासून अंतर सोडून सुताची दोरी ताणा, खडूची रेघ मारा, पहिल्या दोन ओळी आधी एकमेकींत जोडून रेघेवर आणा आणि मग भिंतीकडच्या बाजूला पाचरा मारून पक्क्या करा. त्या हलल्या की पुढचं सगळं हलतं.

मग खाच पाहा. बांबू कापल्यावर उडणारा बारीक भुसा खाचेत बसतो आणि तेवढाच सांधा उघडा ठेवायला पुरतो. जुना टूथब्रश जवळ ठेवा, प्रत्येक पट्टीची खाच झाडून मगच लावा.

लॉकचे दोन प्रकार आहेत. एकात लांब आणि आखूड दोन्ही बाजू तिरक्या धरून खाली दाबायच्या असतात. दुसऱ्यात आखूड टोकाला प्लास्टिकची छोटी जीभ असते, ते टोक वरून सरळ खाली दाबलं की खट् आवाज होतो. या दुसऱ्या प्रकारात आडवं ठोकलंत की प्लास्टिकची जीभ तुटली म्हणून समजा. पेटीतला कागद वाचा, चित्र असतंच. पहिल्या प्रकारात पट्टी वीस-तीस अंशांवर तिरकी धरून आधी टोक भिडवा, मग लांब बाजू खाली न्या. लांब पट्टीला दोन माणसं लागतात, एकट्याने करू नका. ठोकायची वेळ आलीच तर पट्टीच्याच तुकड्याचा ठोकळा मधे धरा आणि हलके दोन-तीन ठोके द्या. शेजारच्या ओळींचे आडवे सांधे एकमेकांपासून किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा.

मुळातच वाकडी असलेली पट्टी बळजबरीने सरळ करू नका. ती कापून भिंतीकडच्या तुकड्यांना वापरा. बांबूत सिलिका असते, साधं ब्लेड लवकर बोथट होतं आणि कडा जळतात. कार्बाइड दातांचं ब्लेड घ्या. हाती धरायच्या गोल मशीनवर किंवा जिगसॉवर पट्टीचा पॉलिशचा भाग खाली ठेवून कापा, हातकरवतीने कापताना वर ठेवा. आणि तोंडाला मास्क बांधा, हा भुसा छातीला चांगला नाही.

चौकटीखाली पट्टी तिरकी करता येत नाही, तिथे एक युक्ती आहे. चौकटीचा पाय पट्टी आणि फोम यांच्या जाडीइतका कापा, खाचेच्या खालच्या ओठावरचा उंचवटा पटाशीने तासून सपाट करा, तेवढ्या सांध्याला पाण्याला टिकणारा सुतारी गोंद लावा आणि पट्टी आडवी सरकवा. सबंध जमिनीत गोंद लागतो तो इथेच.

प्रश्न (नागपूर): एप्रिल-मेमध्ये सांध्यांत फटी पडतात. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरू का?

उत्तर: अजिबात नको. विदर्भातला उन्हाळा बांबूतला ओलावा ओढून घेतो, पट्ट्या आकसतात. जुलैत त्याच फटी मिटतील. मधे फेव्हिकॉल सुकून बसला असेल तर पट्टीला परत यायला जागा राहणार नाही आणि तुम्ही डोंबिवलीच्या ताईंच्या रांगेत जाल. कूलरची हवा मात्र थेट जमिनीवर येऊ देऊ नका. खोलीचा एक कोपरा ओला आणि बाकीचा कोरडा, हे जमिनीला सर्वात वाईट. न्यू जर्सीहूनही एका वाचकाने असंच विचारलं आहे. तिकडे थंडीत हीटिंगमुळे घरातली हवा नागपूरच्या मेसारखीच कोरडी होते. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास ठेवली की फटी आटोक्यात राहतील.

प्रश्न (पुणे): नव्या बंगल्यात तळमजल्यावर कोबा केला आहे. महिना झाला. आता पट्ट्या टाकता येतील का? आणि कोणत्या महिन्यात टाकाव्यात?

उत्तर: २८ दिवसांत कोब्याला ताकद येते, तो सुकतो असं नाही. चांगल्या कोरड्या हवेतही इंचभर जाडीला महिना धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. अंदाज घ्यायला दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब दिसले किंवा कोबा काळपटला असेल तर थांबा. तळमजल्याला ही परीक्षा दोन-तीन ठिकाणी घ्या, बाथरूमच्या भिंतीशी नक्की. कोरडा निघाला तरी २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा, जोडावर वीस सेंटिमीटर एकावर एक घ्या, टेप लावा, आणि वर दोन-तीन मिलिमीटरचा एकच फोम टाका. मऊ वाटावं म्हणून दोन थर घालणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका; पाय पडला की पट्टी खाली जाते आणि लॉक तुटतं.

त्याआधी गवंड्याची दोन मीटरची ॲल्युमिनियम पट्टी कोब्यावर सगळ्या दिशांनी फिरवा. खाली तीन मिलिमीटरहून जास्त उजेड दिसला तर उंचवटे घासा आणि खड्डे सेल्फ-लेव्हलिंगने (ओतलं की आपोआप सपाट पसरणाऱ्या मिश्रणाने) भरा.

महिन्याचं विचाराल तर पुणे-मुंबईकडे ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. तेव्हा पट्टी ना अगदी फुगलेली असते ना अगदी आकसलेली. मेमध्येच करायचं असेल तर भिंतीशी १५ मिलिमीटर जागा सोडा. पेट्या त्याच खोलीत उघडून आडव्या ठेवा. तीन दिवस ही किमान मुदत आहे. स्ट्रँड वोव्हनला मी दोन आठवडे देतो. रंगकाम, प्लास्टर, पाण्याची सगळी कामं त्याआधी संपलेली हवीत, आणि खिडक्या-पंखे रोजच्यासारखे चालू हवेत. बंद घरात ठेवलेली पेटी तुमच्या राहत्या हवेला सरावत नाही.

प्रश्न (ठाणे): बाई रोज बादलीभर पाण्याने लादी पुसते. चालेल का?

उत्तर: नाही. घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं, ज्यातून थेंब पडत नाही, एवढंच. फिनाइल, सोडा, स्टीम मॉप नको. बाईंना शेजारी उभं राहून एकदा नीट दाखवा आणि या खोल्यांसाठी वेगळं फडकं द्या. पाणी सांडलं तर लगेच कोरडं करा, विशेषतः पिण्याच्या पाण्याच्या जागेपाशी आणि कुंड्यांखाली.