‘मूल ह्यांचं असेल, माझं नसेल’

“मॅडम, पाळी गेली. आता आई व्हायचं राहिलंच का?”

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, आणि विचारणाऱ्या सगळ्या एका वयाच्या नसतात. कुणी पस्तिशीची, जिची पाळी अवेळी थांबली. कुणी उशिरा लग्न झालेली. कुणी पन्नाशीला टेकलेली, जिचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला. 2019 मध्ये आंध्रातल्या गुंटूरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या बाईंना जुळ्या मुली झाल्या, ती बातमी अजून मोबाइलवर फिरते. तीच दाखवून विचारतात, “मग आम्हाला का नाही?”

मी समुपदेशक आहे, उपचाराचा भाग डॉक्टरांचा. तरी आलेली बाई अर्धवट माहितीनं एवढी धास्तावलेली किंवा एवढी हुरळलेली असते, की आधी तो गुंता सोडवल्याशिवाय मनापर्यंत पोचताच येत नाही. म्हणून थोडक्यात सांगते. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. आपल्याकडे ती साधारण 46-47 व्या वर्षी येते. शंभरात एखादीच्या बीजकोशांचं (ओव्हरींचं) काम चाळिशीच्या आतच थंडावतं. मात्र बीजकोश थकले तरी गर्भाशयाचं काम संपलेलं नसतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोन्स देऊन त्याचं अस्तर तयार करता येतं, आणि दुसऱ्या तरुण स्त्रीचं बीज घेऊन आयव्हीएफनं, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून, तो गर्भाशयात ठेवता येतो. त्यात यश मिळणं हे बीज देणारीच्या वयावर जास्त अवलंबून असतं. गुंटूरला ते घडू शकलं ते यामुळेच.

आज मात्र तसं करता येणार नाही. आयव्हीएफसंबंधीचा कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्यानुसार उपचारासाठी बाईचं वय 50 च्या आत आणि पुरुषाचं 55 च्या आत हवं. मला ही मर्यादा योग्य वाटते. पंचेचाळिशीनंतरच्या गरोदरपणात रक्तदाब, मधुमेह, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यांचा धोका खूप वाढतो, आणि बातमीत फोटो येतो तो बाळाचा. पुढची वीस वर्षं त्यात दिसत नाहीत.

एवढं सगळं समजल्यावरही काही जणी अडतात. मीनल (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) त्यांतली. सदतीस वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका. नवऱ्याचं, संदीपरावांचं, शेतीपंपांचं दुकान. पहिल्याच दिवशी तिनं फाइल माझ्यापुढे ठेवली. वर पुण्याच्या डॉक्टरांचे रिपोर्ट: एफएसएच 70 च्या घरात, एएमएच जवळपास नाहीच, म्हणजे बीजं संपत आल्याची खूण. खाली कालनिर्णयची घडी घातलेली पानं. आधीच्या पानांवर लाल पेनानं केलेले गोल, अठ्ठावीस-तीस दिवसांच्या अंतरानं. मग गोल लांब लांब होत गेलेले. मग वर्षात दोन. त्यानंतरची पानं कोरी, तीही तितकीच नीट घडी घालून ठेवलेली.

“ही कोरी पानं कशासाठी ठेवलीत?”

“डॉक्टर विचारतील, नक्की आली नाही ना? पुरावा नको का?”

डॉक्टरांनी डोनर एग, म्हणजे दुसऱ्या स्त्रीचं बीज, सुचवलं होतं. बहिणीचं बीज चालेल का, हे तिनं विचारून पाहिलं होतं; बीज नोंदणीकृत बँकेकडूनच यावं लागतं, असं उत्तर मिळालं. नवरा तयार होता, पैशांची जुळवाजुळव झाली होती, आणि सही करायच्या दिवशी मीनल क्लिनिकच्या पायऱ्यांवरून परत आली. “मन घेत नाही” यापलीकडे तिला काही सांगता येत नव्हतं.

तिला सगळ्यांनी समजावलं होतं. नऊ महिने पोटात तूच वाढवणार ना. दूध तुझंच. जन्म देणारीपेक्षा वाढवणारी मोठी, यशोदा नाही का. यशोदेचं नाव निघालं तशी ती उसळली.

“यशोदेला माहीतच नव्हतं, मॅडम! तिला तो आपल्याच पोटचा वाटत होता. मला तर पहिल्या दिवसापासून माहीत असणार.”

मी तिला आणखी एक सांत्वन दिलं नाही. गर्भाशयातल्या वाढीचा बाळावर परिणाम होतो हे खरं, पण म्हणून नुसता गर्भ वाढवणाऱ्या आईची गुणसूत्रं बाळात उतरत नाहीत. हल्ली काही जण तसं सूचित करतात, आणि ते ऐकून तात्पुरतं बरं वाटलेली बाई पुढे कधीतरी खरं वाचते. मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. आमच्याकडे दुःखावर लगेच फुंकर घालत नाहीत, त्याच्यामागं मनात कोणतं वाक्य चालू आहे ते आधी शोधतात. मीनलचं वाक्य सगळ्यांनी गृहीत धरलं होतं: ‘माझ्या रक्ताचं नसेल तर ते मूल माझं नाही.’ मलाही सुरुवातीला तेच वाटत होतं. पण ती शाळेतल्या मुलांबद्दल बोलायची तेव्हा हे वाक्य तिला बसत नव्हतं. ऊसतोडीच्या कुटुंबातली एक मुलगी हंगामात शाळेत राहावी म्हणून तिनं दोन वर्षं स्वतःच्या डब्यातून तिला जेवू घातलं होतं. रक्ताचा हिशेब मांडणारी बाई ही नव्हे.

म्हणून एका भेटीत मी विचारलं, “मीनल, समजा बीज तुमचं नाही, आणि शुक्राणूही संदीपरावांचे नाहीत. दोघांपैकी कुणाचंच नाही असं बाळ. मग?”

तिनं क्षणाचाही वेळ घेतला नाही. “मग काय प्रश्नच नाही.”

म्हणाली आणि स्वतःच दचकली. मी काही बोलले नाही. आमच्या कामात अशा वेळी तोंड मिटून बसता येणं ही मोठी कमाई आहे, आणि ते मला आता जमतं. जरा वेळानं तीच बोलायला लागली. आधी हळू, मग धो धो.

“त्यांच्या घरात सगळ्यांची नाकं सारखी आहेत. आई प्रत्येक नातवाचं नाक बघतात. माझ्याही बाळाचं बघतील. बघ, अगदी संदीपवर गेलाय. आणि मी तिथे हसत उभी. भांडण झालं की ह्यांच्या मनात येणारच, पोरगं माझं आहे, हिचं काय? मूल ह्यांचं असेल, माझं नसेल. मी म्हणजे नुसती भाड्याची खोली.”

अडचण रक्ताची नव्हती, अडचण बरोबरीची होती. दत्तक मुलाच्या बाबतीत दोघं एकाच पायरीवर असतात. इथे नवरा एक पायरी वर आणि ती खाली, ही भीती तिला खात होती. नंतर हाच प्रश्न मी डोनर एगपाशी अडलेल्या अनेकींना विचारला. काहींना खरोखरच रक्ताचं नातं महत्त्वाचं असतं. त्यांनी या वाटेला जाऊ नये, आणि तसं मी स्पष्ट सांगते. पण पुष्कळ जणींचं उत्तर मीनलसारखंच असतं. अशा बाईला ‘तूच खरी आई’ म्हणून काही उपयोग नाही. बोलणं नवरा-बायकोत व्हायला हवं.

पुढच्या भेटीला संदीपराव आले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मीनलनं माझ्याकडे बघत सगळं सांगितलं, त्यांच्याकडे एकदाही न बघता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण हे ठरवलं कुणी? मी दत्तकाचं बोललो होतो. तूच म्हणालीस, निदान तुमचं तरी होऊ दे.”

“मला वाटलं, तुम्हाला मनातून तेच हवंय.”

“आणि मला वाटलं, तुला पोटातून हवंय.”

दोघंही एकमेकांसाठी त्याग करत होती आणि दोघांनाही त्याचं ओझं झालं होतं. मराठी घरांत हे फार दिसतं. संदीपरावांनी मग जे विचारलं ते मी कितीही शिकवून त्यांच्याकडून वदवून घेऊ शकले नसते: “काय केलं म्हणजे तुला बरोबरीचं वाटेल?”

तिच्याकडे उत्तरं तयार होती. भांडणात हा विषय कधीही काढायचा नाही. आईंना मी सांगेन, तुम्ही नाही. मुलाला लहानपणापासून सांगायचं, आणि दोघांनी मिळून सांगायचं. त्यांनी दत्तकासाठीही नाव नोंदवलं. दोघांच्या वयांची बेरीज 78 होत होती, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी ती 85 पर्यंत चालते. हाताशी दुसरी वाट आहे म्हटल्यावर डोनर एग ही सक्ती उरली नाही, आणि सक्ती उरली नाही तेव्हा मीनलनं तीच वाट निवडली.

अशा निर्णयाशी आलेल्यांना मी काही गोष्टी हमखास सांगते. कायद्यानं क्लिनिकनं समुपदेशन द्यायचं असतं; प्रत्यक्षात ते पुष्कळदा सह्यांपुरतं उरतं, तेव्हा तुम्ही वेळ मागून घ्या. बीज देणारी 23 ते 35 वयाची असते, आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं घेता येत नाहीत. जन्मलेलं मूल कायद्यानं तुमचंच, सगळ्या हक्कांसकट. रक्तातला अर्क टोचून बीजकोश ‘पुन्हा तरुण’ करण्याच्या जाहिराती दिसतात. तो उपचार अजून सिद्ध झालेला नाही, त्यात पैसे आणि वर्षं घालवू नका. दुसऱ्याच्या बीजाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि चाळिशीच्या आत पाळी गेली असेल तर मूल हवं असो वा नसो, हाडांसाठी आणि हृदयासाठी हॉर्मोन्सचं डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. मूल नको म्हणणारीला हे कुणी सांगतच नाही.

पन्नाशी उलटलेल्यांसाठी आयव्हीएफचं दार बंद आहे, दत्तकाचं पूर्ण बंद नाही. दोघांच्या वयांची बेरीज 100 पर्यंत असेल तर चार ते आठ वर्षांचं, 110 पर्यंत असेल तर त्याहून मोठं मूल मिळू शकतं. पण ज्यांचं मूल गेलं आहे त्यांना मी आधी त्या मुलाबद्दल बोलायला लावते. त्याचं नाव, त्याची खोली, त्याची गाडी अजून दारात आहे का. गेलेल्याची जागा भरायला आणलेल्या मुलावर फार मोठं ओझं पडतं.

मीनलला मुलगी झाली. मध्यंतरी तिचा फोन आला. बालरोगतज्ज्ञांनी विचारलं होतं, आईकडे कुणाला मधुमेह? सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मीनल म्हणाली, “माझ्याकडचं धरू नका, बीज डोनरचं आहे,” आणि डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला. हे सांगून झाल्यावर ती मूळ मुद्द्यावर आली. त्यांचा एक गर्भ अजून गोठवलेला आहे. कायद्यानं तो दहा वर्षं ठेवता येतो, पण तिची पन्नाशी आणि तिचा रक्तदाब हेही धरायला हवं. संदीपरावांना दुसरं मूल हवंय, तिचं ठरत नाही. पुढच्या महिन्यात दोघंही येणार आहेत.