इन्व्हार: ‘अप्रसरणशील’, ‘अचल’ की आहे तेच नाव?

प्रश्न कुपवाड एमआयडीसीतल्या एका वाचकाचा आहे. कारखान्यातल्या मोजमापाच्या उपकरणांची माहिती ते कामगारांसाठी मराठीत लिहीत आहेत. ‘इन्व्हार’ला, म्हणजे उष्णतेने फारच कमी वाढणाऱ्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूला, त्यांनी ‘अप्रसरणशील धातू’ म्हटलं, वरिष्ठांनी ‘अचल धातू’ सुचवलं. बरोबर काय?

दोन्ही नकोत. नाव इन्व्हारच ठेवा, आणि अशा धातूंच्या गटाबद्दल लिहायचं असेल तिथे ‘अल्पप्रसरणी मिश्रधातू’ लिहा.

‘अप्रसरणशील’ला माझा ठाम विरोध आहे, कारण इन्व्हार वाढतं. एक मीटरची पोलादी पट्टी एक अंश सेल्सिअसने तापली की साधारण ११ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते, पितळेची १९च्या आसपास, आणि इन्व्हारची सव्वा मायक्रॉनच्या आगेमागे. लांबीच्या मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश धरतात. सांगलीत मे महिन्यात शेडमधला पारा ४०वर गेला, तर पोलादी पट्टी जवळजवळ पाव मिलिमीटरने लांबलेली असेल, इन्व्हारची सुमारे २४ मायक्रॉनने. मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्याला हे २४ मायक्रॉनही सोडून चालत नाहीत. तुमचा शब्द वाचून त्याने तापमानाचा हिशेबच धरला नाही, तर त्याला दोष कसा द्यायचा?

‘अचल’ची अडचण वेगळी. अचल म्हणजे जागचं न हलणारं. वरिष्ठांच्या मनात बहुधा मूळ नावाचा अर्थ असावा, कारण ‘इन्व्हार’ हे ‘न बदलणारं’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरूनच आलं. शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात काम करताना १८९६ साली ते शोधलं: लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल. निकेल-पोलादाच्या या अभ्यासाबद्दल त्याला १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्यानेच पुढे ‘इलिन्व्हार’ही तयार केलं. त्यात तापमानाने न बदलणारी गोष्ट म्हणजे स्थितिस्थापकता, म्हणून ते घड्याळातल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, हेअरस्प्रिंगला, वापरलं गेलं. लंबकाच्या दांड्याला मात्र इन्व्हार हवं. सेकंदाला एक ठोका देणाऱ्या लंबकाचा पोलादी दांडा दहा अंशांनी तापला, तर घड्याळ दिवसाला पाचएक सेकंद मागे पडतं. इन्व्हारचा असेल तर अर्धा सेकंद. आता दोन्ही धातूंना ‘अचल’ म्हटलं, तर वाचणाऱ्याने कुठला कशासाठी घ्यायचा? नेमकं काय बदलत नाही, हे शब्दातून कळलंच पाहिजे.

शिवाय इन्व्हारचा हा गुण कायमचा नाही. तापल्यावर अणूंमधलं अंतर वाढू लागतं, पण त्याच वेळी धातूतली चुंबकीय मांडणी सैल होते आणि त्यामुळे धातू आकसू पाहतो. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. दोनशे अंशांच्या बरंच पुढे गेलं की चुंबकत्व संपतं, आणि इन्व्हारही इतर धातूंसारखं वाढायला लागतं.

तक्त्यात शाळेच्या पुस्तकातला ‘एकरेषीय प्रसरणांक’ खुशाल ठेवा, तो नेमका आहे. मजकुरात मात्र ‘वाढतं’ लिहा. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना ‘धाव तापली की वाढते, पाणी मारलं की आवळते’ असंच म्हणतात, आणि त्यात काही उणं नाही. म्हणजे तुमचं वाक्य असं होईल: ‘ही पट्टी इन्व्हारची आहे, उष्णतेने ती पोलादाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच वाढते.’

राहिलं लिंग. लोखंड, पोलाद, निकेल ही सगळी नपुंसकलिंगी, तेव्हा ‘ते इन्व्हार’. ‘तो इन्व्हार’ लिहिणारे मनात ‘धातू’ धरून लिहितात; मी नपुंसकलिंगच वापरेन.