वाचकांचे प्रश्न : घोड्याचा गळा, बैलाचा खांदा

प्रश्न : ग्रीक-रोमन लोकांना घोडा नीट जुंपता येत नव्हता, पट्ट्याने त्याचा गळा आवळला जायचा, त्यामुळे तो ५०० किलोच्या वर ओढत नसे आणि म्हणून गुलाम राबवावे लागत, असे वाचले. हे कुणी शोधले? खरे आहे का?
(वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : हे मत रिशार लफेव्र दे नोएत (१८५६–१९३६) यांचे. ते फ्रेंच घोडदळातले अधिकारी. जनावर कसे जुंपले आहे हे पाहण्यासाठी त्यांनी प्राचीन शिल्पे, ग्रीक भांड्यांवरची चित्रे आणि मध्ययुगीन हस्तलिखिते धुंडाळली. राजे आणि लढायांच्या इतिहासात पट्टा कुठे बांधला होता हे विचारणारे फार थोडे होते. हा प्रश्न त्यांनी लावून धरला, हे त्यांचे मोठेपण आम्हांला आजही वाटते.

चित्रांत त्यांना एक पट्टा मानेभोवती आणि दुसरा पुढच्या पायांमागे, छातीखालून गेलेला दिसला. दोन्ही पाठीवर एकत्र येतात आणि ओढ तिथून लागते. अशाने गळ्याचा पट्टा वर सरकतो, श्वासनळी दाबतो आणि घोडा मान वर करून थांबतो. पॅरिसमध्ये १९१० साली त्यांनी घोडे तसे जुंपून पाहिले, तेव्हा ओझे खरोखरच फार कमी ओढले गेले. १९२४ साली त्यांचे पुस्तक आले. १९३१ च्या वाढवलेल्या आवृत्तीत त्यांनी गुलामगिरीचा संबंध उघडपणे जोडला. पुराव्याला रोमन कायदा होता : इ. स. ४३८ च्या थिओडोशियन संहितेत सरकारी टपालाच्या जड गाडीला १५०० रोमन पौंडांची, म्हणजे सुमारे ४९० किलोंची मर्यादा आहे.

निष्कर्ष मात्र टिकला नाही. ज्याँ स्प्रुइत या फ्रेंच अभ्यासकाने जुन्या गाड्या आणि साज हुबेहूब बनवून घोडे जुंपले आणि १९७७ साली प्रयोग प्रसिद्ध केले. प्राचीन काळी दोन वेगळ्या पद्धती होत्या, असे त्यांनी दाखवले. एकीत जू मानेच्या मुळाशी बसते आणि ओढ खांद्यावर येते. गळ्याचा पट्टा फक्त जू जागेवर धरतो. दुसरीत जू पाठीवर असते आणि ओढ छातीवरच्या पट्ट्यावर पडते. लफेव्र दे नोएत यांनी एकीचा गळपट्टा दुसरीच्या पाठीवरच्या जुवाला बांधला. गळा आवळणारा साज त्या मिश्रणातून तयार झाला.

कायद्याचा आकडा रस्ते, गाड्या आणि जनावरे जपण्यासाठी होता. ती ताकदीची कमाल नव्हे. आपल्याकडे ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांतही रबरी टायरच्या गाडीला एक मर्यादा आणि बिनटायरच्या गाडीला दुसरी आहे. त्यावरून बैलाची शक्ती कुणी ठरवत नाही. शिवाय प्राचीन काळी जड माल मुख्यतः बैलच ओढत : ग्रीसमध्ये एल्युसिसच्या मंदिरासाठी खांबांचे दगड वाहायला तीस-तीस जोड्या लावल्याचे हिशेब सापडले आहेत. गुलामगिरीबद्दलचा आक्षेपही साधा आहे : युरोपात ती ओसरू लागली ती घोड्याची गादीदार कॉलर रूढ होण्याच्या कितीतरी आधी.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांकडून असा प्रयोग करून घेता येईल का?
(शिक्षक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : जरूर, पण गळा आवळणारा साज जनावरावर करून पाहू नका. ओढ मोजा. ‘किती किलो ओझे’ हा आकडा एकटा फसवा आहे. चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरच्या गाडीला एकूण वजनाच्या २-३ टक्के ओढ लागते, मोकळ्या काळ्या मातीत १० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे तेच ५०० किलो एकीकडे १५ किलोच्या ओढीने चालतात आणि दुसरीकडे ५० किलोंनीही हलायला कुरकुर करतात.

बंडीत (बैलगाडीत) वजनकाटा बसवणे अवघड, कारण धुरी (गाडी जुवाला जोडणारा दांडा) वजनही पेलते. त्याऐवजी जुवाच्या मधोमध साडेतीन मीटर दोर बांधा, मध्ये २०० किलोंचा टांगता काटा लावा आणि मागे लाकडी ओंडका जोडा. सपाट जमिनीवर ३० मीटर चालवा. दर ५ मीटरला आकडा टिपा. सुरुवातीचा झटका वेगळा लिहा, तो सरासरीत मिसळला तर हिशेब बिघडतो. जू सव्वा मीटर उंचीवर असेल तर दोर तिरपा येतो, आकड्याला ०.९३ ने गुणा, म्हणजे आडवी ओढ मिळेल. बैल दिवसभर आपल्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा सलग ओढतो. प्रत्येकी ३५०-४०० किलोंच्या गवळाऊ जातीच्या बैलजोडीला म्हणून ७०-८० किलो पुरे. मुलांचा हात काट्याजवळ नको, दोर तुटला तर काटा मागे उडतो.

प्रश्न : चढावर आमचा बैल घोरल्यासारखा आवाज करतो. त्याला घोड्यासारखी कॉलर लावावी का?
(शेतकरी, मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर : आधी बंडी तपासा. चढावर भार मागे जातो, गाडी उलाळ (मागे जड) होते, धुरी वर उठते आणि जू मानेवरून उचलले जाते. मग खांद्याऐवजी जोते (जुवाला बांधलेला गळ्याखालचा पट्टा) ओढ घेते आणि गळा दाबला जातो. लफेव्र दे नोएत यांना घोड्यावर दिसले ते इथे खरोखर घडते, फक्त कारण ओझ्याच्या मांडणीत आहे.

सपाटीवर बैल सोडून, भरलेल्या बंडीचे जू उचलून पाहा. १५-२० किलो जड लागले तर ठीक. हलके लागले तर पोती आखाच्या (चाकांच्या कण्याच्या) पुढे सरकवा. फार जड लागले तर गाडी धुरजड (पुढे जड) आहे, खांदा सोलतो. मोठ्या चढाआधी एक-दोन पोती पुढे घ्या आणि उतार लागण्याआधी परत मागे. जोत्याखाली चार बोटे जावीत. शिवळा (जुवातल्या, मानेच्या बाजूच्या खुंट्या) सैल असतील तर जू फिरते आणि एका कडेने घासते, हेही बघून घ्या.

घोड्याची बंद कॉलर शिंगांवरून जाणार नाही. बैलासाठी तीन गाद्यांची, पट्ट्याने उघडणारी कॉलर असते. पण वशिंडाच्या बैलाला वशिंडापुढे जू चांगला टेकू देते, त्यामुळे आधी जूच नीट बसवावे असे आमचे मत. खांदा सुजला असेल तर पूर्ण बरा होईपर्यंत जुंपू नका. गाठ कडक झाली किंवा पू आला तर पशुवैद्यकाला दाखवा, आणि मांडणी सुधारूनही घोरणे थांबले नाही तर गळाही त्यांच्याकडूनच तपासून घ्या.