उत्तर : जॉब कार्डवर सही करण्याआधी एअरबॅगचा कंट्रोलर राखून ठेवा

नमस्कार.

खारघरहून लिहिलेली आपली पोस्ट काल रात्री वाचली आणि तिच्यातील दोन वाक्यांपाशी अडखळलो. ‘पाय ब्रेकवरच होता असे बाबा शपथेवर सांगतात’ हे एक, आणि ‘सर्व्हिस सेंटरवाले चालकाची चूक म्हणतात व दुरुस्ती सुरू करण्यासाठी सही मागतात’ हे दुसरे. आपल्या वडिलांची ऑटोमॅटिक गाडी सोसायटीच्या आवारात वळताना एकाएकी उसळून कुंपणाच्या भिंतीवर आदळली, एअरबॅग उघडल्या, दैव बलवत्तर म्हणून समोर कोणी नव्हते, आणि आता ग्राहक आयोगाकडे जावे का, असे आपण विचारता. आयोगाचे पुढे पाहू. त्या सहीचे काय झाले, हे मला आधी विचारायचे आहे.

फोटो, विमा कंपनीला कळवणे, पॉलिसीची प्रत वगैरे आपण केलेच असेल असे गृहीत धरून ते सगळे सोडून देतो. मी वकील नाही, मोटारींचा तज्ज्ञही नाही, आणि आपल्या गाडीच्या मॉडेलविषयी माझे काहीही मत नाही. सांगतो आहे ते केवळ स्वतः केलेल्या एका चुकीच्या भांडवलावर.

जुलै २०१९ मधील गोष्ट. आमची गाडी तेव्हा जेमतेम चौदा महिन्यांची होती. पत्नी ठाण्याला आईकडे गेली होती, तिथून संध्याकाळी सातच्या सुमारास भर पावसात ऐरोलीला परतली. स्टिल्ट पार्किंगमधील आमच्या जागेत लावताना तिने गाडी एकदा मागे घेतली, पुन्हा ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्ये, टाकली, आणि तिच्या म्हणण्यानुसार ब्रेकवरचा पाय हलका केल्याबरोबर इंजिन किंचाळले, गाडी पुढे झेपावली आणि वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून जाऊन मीटर रूमशेजारच्या खांबावर थडकली. वॉचमन अर्ध्याच मिनिटापूर्वी दुसऱ्या गाडीसाठी फाटक उघडायला उठला होता. त्या खुर्चीचा एक निळा पाय पुढे कित्येक दिवस मीटर रूमच्या कोपऱ्यात पडून होता आणि तो दिसला की माझ्या पोटात गोळा येत असे. पत्नीच्या मनगटाला मुका मार लागला, इतर कोणाला काही झाले नाही. त्यामुळे पोलिसांत नुसती नोंद झाली, गुन्हा दाखल झाला नाही, आणि परिवहन खात्याच्या निरीक्षकाने गाडी तपासण्याची वेळही आली नाही. आपल्या बाबतीत बहुधा हेच झाले असणार.

दुसऱ्या दिवशी गाडी उचलून नेली आणि तिसऱ्या दिवशी मी ती चूक केली. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एका अतिशय नम्र मुलाने माझ्यापुढे चहा ठेवला, जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीच्या कामाचा कागद, सरकवले आणि म्हणाला, ‘सर, कॅशलेस आहे, तुम्हाला काहीच बघायचं नाही, फक्त इथे सही.’ मी केली. कार्डच्या पाठीमागे बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. दुरुस्तीसाठी आवश्यक ते सर्व भाग बदलण्यास ग्राहकाची संमती आहे, आणि बदललेले भाग कार्यशाळेच्या ताब्यात राहतील. त्या ओळी मी दीड महिन्याने, गाडी घरी आल्यावर वाचल्या.

बदललेल्या भागांत एक होता एअरबॅगचा कंट्रोलर. एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणारी ही छोटी पेटी बहुतेक मोटारींत पुढच्या दोन आसनांच्या मध्ये, कन्सोलच्या खाली, जमिनीला बोल्टने आवळलेली असते. पुष्कळ गाड्यांत हीच पेटी धडकेच्या आधीची काही सेकंदे जपून ठेवते : वेग किती होता, ॲक्सिलरेटर किती टक्के दाबलेला होता, ब्रेकचा स्विच लागलेला होता की नव्हता. अमेरिकेतील नियमाप्रमाणे अशा नोंदीत धडकेपूर्वीची ५ सेकंदे दर अर्ध्या सेकंदाला टिपलेली असावी लागतात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने ही मर्यादा २० सेकंदांपर्यंत वाढवणारा नियम केला. एअरबॅग उघडली असेल तर नोंद कुलूपबंद होते, पुसली जात नाही. ती उघडली नसेल तर पुढच्या एखाद्या धक्क्याची नोंद आधीच्या नोंदीवर बसू शकते. म्हणजे एअरबॅग उघडलेल्या आमच्या गाडीची ती शेवटची सेकंदे त्या पेटीत सुरक्षित होती, फक्त पेटीच भंगारात गेली.

खरी लाज पुढे आहे. मी पेशाने इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे यंत्रांवरच्या मापन-नियंत्रण उपकरणांचा, माणूस. ठाणे–बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये २८ वर्षे काढली. प्लांट ट्रिप झाला, म्हणजे काही बिघडून आपोआप बंद पडला, की घटनाक्रमाची नोंद उतरवून घेतल्याखेरीज कोणी रीसेटला बोट लावायचे नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. एका शिकाऊ मुलाने घाईघाईने रीसेट दाबला म्हणून मी त्याला अख्ख्या शिफ्टसमोर झापले होते. आणि स्वतःच्या घरचा प्लांट ट्रिप झाला तेव्हा मी चहा पिऊन सही करून आलो.

ती नोंद कशी वाचायची, तेही सांगतो, कारण ती हाती आली तर कोणीतरी आपल्याला एकच आकडा दाखवून गप्प करील. आजच्या बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटरला तार नसते. पेडलच्या बुडाशी दोन सेन्सर असतात, त्यांचे व्होल्टेज मुद्दाम वेगवेगळ्या प्रमाणात ठेवलेले असते, आणि दोघांचा मेळ बसला नाही तर संगणक इंजिनाची ताकद आखडून घेतो. ब्रेकचा मार्ग बहुतेक गाड्यांत अजूनही पेडलपासून थेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाचा, आहे आणि त्याचा स्विच वेगळा आहे. नोंदीत ॲक्सिलरेटर १०० टक्के आणि ब्रेक बंद असे दिसले, तर पाय चुकला असण्याचीच शक्यता फार मोठी. दोन्ही एकदम चालू दिसले, किंवा ॲक्सिलरेटर शून्यावर असताना इंजिनाचे फेरे चढलेले दिसले, तर मात्र गोष्ट निराळी. लक्षात घ्या, सेन्सरने संगणकाला काय सांगितले तेवढेच ही नोंद सांगते. पाय नेमका कुठे होता, हे ती पाहू शकत नाही.

आपल्याला खोटी आशा लावायची नाही, म्हणून हेही लिहितो. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप पळतात अशी ओरड झाली, तेव्हा तिथल्या नियामकाने ५८ गाड्यांच्या नोंदी वाचल्या आणि निम्म्याहून अधिक गाड्यांत ब्रेक दाबल्याची खूणच नव्हती. नासाच्या अभियंत्यांनाही फेब्रुवारी २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नाही. उलट बाजूने, ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातील ज्यूरीने सॉफ्टवेअर तज्ज्ञाची साक्ष ऐकून कंपनीविरुद्ध कौल दिला. आणि ज्या अपघाताने ही ओरड सुरू झाली, तो २००९ मधील सॅन दिएगोजवळचा चौघांचा बळी घेणारा अपघात, त्यात दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट ॲक्सिलरेटरवर अडकली होती. हे वाचले तेव्हा मला दरदरून घाम फुटला, कारण आमच्या गाडीत कंपनीच्या मॅटवर मी पावसाळ्यासाठी बाजारातून आणलेली रबरी मॅट टाकली होती. ती हुकात अडकवली होती का? आठवत नाही. सर्व्हिस सेंटरने गाडी स्वच्छ धुऊन, मॅट घडी करून डिकीत ठेवून परत केली. आपल्या बाबांच्या पायाखाली काय होते, ते कोणी हात लावण्याआधी पाहून घ्या.

आता गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयाविषयी. नाव घेणार नाही. गाडी आल्यावर मी कंपनीच्या विभागीय कार्यालयाला लिहिले की कंट्रोलरमधील नोंद द्यावी. चार दिवसांनी उत्तर आले की ‘वाहनाच्या सखोल तपासणीत कोणताही दोष आढळला नाही’. मी विचारले, तपासणी कोणी केली, कोणत्या उपकरणाने, अहवाल कुठे आहे? उत्तरात तेच वाक्य, जसेच्या तसे. तिसऱ्या वेळी ‘अहवाल हा अंतर्गत दस्तऐवज आहे’ एवढी भर पडली. शेवटी लेटरहेडवर पत्र मिळाले, त्यात तपासणीची तारीख ३१ ऑगस्ट अशी होती. त्या दिवशी आमची गाडी ऐरोलीत आमच्याच पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती, ती येऊन नऊ दिवस झाले होते. ही विसंगती मी तारखांसह कळवली. माझी तक्रार ‘निकाली’ काढल्याचा एसएमएस आला आणि सेवेला पाचपैकी किती गुण द्याल, असा प्रश्न आला. राग येतो तो दोष नाकारल्याचा नव्हे. दोष नसेलही. पाहिलेच नाही आणि पाहिल्याचे लिहून दिले, याचा राग आजही जात नाही.

ठाण्यातील एका वकिलांना भेटलो. त्यांनी कागद चाळले आणि एवढेच विचारले, ‘दोष आहे की नाही हे प्रयोगशाळेने सांगायचं, आणि प्रयोगशाळेला द्यायला तुमच्याकडे आहे काय?’ मी फाईल उचलून घरी आलो.

म्हणून आपण हे करावे, असे माझे ठाम आणि कदाचित एकांगी मत आहे. सही झाली नसेल तर जॉब कार्डवर स्वतःच्या हस्ताक्षरात लिहा की एअरबॅग कंट्रोलर आणि ॲक्सिलरेटर पेडल काढू नये, बदलू नये, फॉल्ट कोड (संगणकात साठलेल्या बिघाडाच्या खुणा) पुसू नयेत आणि काढावेच लागले तर सीलबंद करून लेखी पोच घेऊन माझ्या ताब्यात द्यावेत. नंतर कार्डचा फोटो काढा. सही झाली असेल तर हाच मजकूर ई-मेलने सर्व्हिस सेंटर, कंपनी आणि विमा कंपनी या तिघांना एकाच वेळी पाठवा. विमा कंपनीला का, तर बदललेल्या भागांवर ती भंगार म्हणून हक्क सांगते, आणि पुढे कोणी म्हणू नये की आम्हाला माहीत नव्हते. सर्व्हेअरच्या, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याच्या, अहवालाची प्रत मागण्याचा अधिकार विमाधारकाला आहे, तीही मागा. दुरुस्ती पंधरा दिवस लांबेल, रोजच्या रिक्षाचा खर्च अंगावर पडेल, घरचे वैतागतील. पडू द्या, वैतागू द्या.

दुसरी गोष्ट सीसीटीव्हीची. मागचे ब्रेक लाइट पेडलवरच्या स्विचने लागतात, म्हणून चित्रणात मागची भिंत उजळली की नाही हा साधा, फुकटचा पुरावा आहे. माझ्याकडे सिक्युरिटी केबिनमधील मॉनिटरवरून मोबाईलने काढलेली चित्रफीत तेवढी आहे. मॉनिटरच्या काचेवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले आहे ते बरोबर गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर. शेकडो वेळा पाहिली असेन. मूळ चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसले गेले. आपल्या सचिवांकडून मूळ फाईल आजच पेनड्राइव्हवर घ्या.

आयोगाविषयी थोडक्यात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहता त्या भागातच तक्रार करता येते, आणि चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे. पण पाठवायला वस्तू हवी. त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांतही असे घडल्याचे कळले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली वाहने परत बोलावण्याची तरतूद आहे, तिकडेही तक्रार नोंदवावी.

जाता जाता बाबांसाठी एक सूचना, उपदेश वाटला तर सोडून द्या. गाडी पुन्हा उसळली तर ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरायचा, पंपासारखा मारायचा नाही, कारण थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडा असताना पुनःपुन्हा दाबल्याने ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते. आणि लगेच न्यूट्रल. पार्किंगच्या मोकळ्या जागेत हे दहा वेळा हाताला वळण लागेपर्यंत करून घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात बेस्टची विजेवरची बस गर्दीत घुसली, तेव्हाही चालकाला ऑटोमॅटिक बसचा पुरेसा सराव नव्हता, ही गोष्ट पुढे आली होती. वर्षानुवर्षे क्लच दाबत आलेल्या माणसाला चावी देताना शोरूमवाले पाच मिनिटे ब्लूटूथ जोडून दाखवतात, पेडलविषयी कोणी बोलत नाही.

पत्नीने त्या दिवसानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तिच्याकडून चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला असणे शक्य आहे, किंबहुना इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून मी तीच शक्यता अधिक धरीन. ती मात्र आजही म्हणते, पाय ब्रेकवर होता. दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याला दाखवायला कागद नाही, म्हणून आमच्या घरी हा विषय निघत नाही.

सर्व्हेअर मंगळवारी येणार असे आपण लिहिले आहे, म्हणजे हातात उद्याचा एकच दिवस आहे. सर्व्हिस सेंटर उघडण्याच्या आत ई-मेल गेलेला बरा. मी पाठवायला हवे होते ते पत्र नंतर सगळ्या मुद्द्यांसह लिहून ठेवले आहे. मला खासगी संदेश करा, लगेच पाठवतो. चासी क्रमांक आणि जॉब कार्डचा क्रमांक तेवढे हाताशी ठेवा.