राज्यघटना वाचायला घेताना

राज्यघटना पहिल्या पानापासून पाठ करू नका. आधी तिसरा भाग, अनुच्छेद १२ ते ३५, सावकाश वाचा. नवखे वाचक ‘राज्यसंस्था’ म्हणजे कोण याची व्याख्या देणारा अनुच्छेद १२ हमखास वगळतात आणि मग शेजाऱ्याशी भांडतानाही मूलभूत हक्क सांगू लागतात. हे हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहेत, आणि इंदूर महापालिका त्या व्याख्येत बसते.

दुसरी चूक म्हणजे बातमीलाच निकाल समजणे. इंदुरातूनच गेलेला, शाहबानो या घटस्फोटित मुस्लिम महिलेचा खटला घ्या: सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगीचा होता, त्यावरून राजकारण पेटले आणि १९८६ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. तो निकाल मुळातून वाचा. जड जाईल, पण जमेल.

इंदूरच्या मराठी माणसाने अनुच्छेद २९ (आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क) आणि ३५०क (भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय) अवश्य पाहावेत. मूलभूत संरचनेचा वाद, म्हणजे संसदेला घटनेचा गाभा बदलता येतो का हा प्रश्न, तूर्त राहू द्या.