पेमेंट गेटवे कुठला घ्यायचा? डिचोलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की काजूगर, सोलं, आगळ इन्स्टावरून विकता, महिन्याला 30-40 ऑर्डरी, बहुतेक पुण्या-मुंबईच्या, तर 2 टक्केवाला गेटवे (म्हणजे गिऱ्हाईकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणारी कंपनी, ती प्रत्येक ऑर्डरीतून एवढे टक्के कापते) घ्यावा की पावणेदोनवाला. माझं म्हापशात याच मालाचं दुकान आहे, सहा वर्षं ऑनलाइन पैसे घेतोय, आणि मला विचाराल तर टक्के सगळ्यात शेवटी बघा. आधी हे बघा की पैसे अडकले तर फोन उचलणारा माणूस तिकडे आहे का.

का सांगतो, दोन वर्षांमागे नाताळाच्या आधी एका ऑफिसची गिफ्ट पॅकची ऑर्डर आली, 1 लाख 40 हजारांची, एवढी मोठी रक्कम आधी कधीच आली नव्हती म्हणून गेटवे कंपनीने पैसे धरून ठेवले. बिल पाठवलं, कुरियरची पावती पाठवली, पॅन परत पाठवलं, उत्तर एकच यायचं, "तपासणी सुरू आहे", तेही ईमेलवर. नऊ दिवस. इकडे काजूच्या फॅक्टरीवाल्याला रोख द्यायची होती, शेवटी भावाकडून उसने घेतले. त्या कंपनीचा रेट बाजारात सगळ्यात कमी होता. आता मोठी ऑर्डर आली की मी आधीच कळवून ठेवतो की एवढे पैसे येणार आहेत, बिल जोडलंय.

टक्क्यांचा हिशोब तसा सोपा आहे. 1000 च्या ऑर्डरवर 2 टक्के म्हणजे 20 रुपये, त्या 20 वर 18 टक्के जीएसटी 3.60, हातात 976.40. पावणेदोनने धरलं तर 979.35, म्हणजे तीन रुपयांचाही फरक नाही. खरा फरक यूपीआयने पडतो. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर (दुकानदाराकडून कापली जाणारी बँकेची फी) शून्य आहे, म्हणजे बँकेचा बिझनेस क्यूआर घेतला तर साध्या यूपीआयचे पूर्ण पैसे मिळतात, पण तेच यूपीआय गेटवेमधून घेतलं तर काही कंपन्या प्लॅटफॉर्म फी म्हणून कापतात. सही करायच्या आधी हे लेखी विचारा. तुमच्याएवढ्या ऑर्डरींना क्यूआर पुरतो, कार्डवाल्या गिऱ्हाईकाला तेवढी पेमेंट लिंक पाठवा, त्याला वेबसाइट लागतेच असं नाही. फक्त स्क्रीनशॉट बघून माल पाठवू नका, खोटे स्क्रीनशॉट खूप फिरतात, खात्यात पैसे दिसले की मगच पार्सल. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, दुकानात जो कोणी फोन हाताळतो त्यालाही हे सांगून ठेवा.

कंपनी निवडताना रिझर्व्ह बँकेचा पेमेंट अ‍ॅग्रीगेटरचा परवाना (दुकानदारांच्या वतीने पैसे गोळा करून पोचवण्याची परवानगी) आहे का ते बघाच, कारण तुमचे पैसे आधी त्यांच्याकडे एस्क्रो खात्यात (दुसऱ्यांचे पैसे वेगळे सांभाळायचं खातं) जातात आणि मग तुमच्याकडे येतात. परवान्याचा खेळ केवढा असतो बघा, डिसेंबर 2022 मध्ये रेझरपे आणि कॅशफ्रीसारख्या मोठ्यांना पण नवीन दुकानदार घेणं थांबवायला सांगितलं होतं, ते वर्षभराने परवाना मिळाल्यावर सुटलं. म्हणून मी दोन ठिकाणी खातं उघडून ठेवलंय, एक वापरात, एक तयार.

कागदपत्रं पॅन, करंट खातं, एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना), उद्यम (छोट्या उद्योगाची नोंदणी), एवढी एका फोल्डरात ठेवा, नाव सगळीकडे अक्षर न अक्षर सारखं पाहिजे, माझं महिनाभर यातच अडलं होतं.

अजून एक, चार्जबॅक. गिऱ्हाईक बँकेला म्हणालं माल मिळालाच नाही, की पैसे तुमच्याकडून परत ओढले जातात आणि पुरावा ठरलेल्या मुदतीत तुम्हीच द्यायचा. कुरियरची डिलिव्हरीची नोंद निदान सहा महिने जपा, आणि आगळाची बाटली पॅक करतानाचा फोटो पण, ती फुटते हो.

खातं चालू झालं की आधी घरातल्याच कुणाच्या तरी कार्डाने 10 रुपयांची ऑर्डर करा, रिफंड पण करून बघा. पैसे किती दिवसांत आले, रिफंडवर कापलेली फी परत मिळाली का, आणि मध्येच एक खोटी शंका काढून फोन लावा, किती वेळाने कोण बोलतं ते बघा. हे दोन-तीन ठिकाणी केलंत की आकडे इथे टाका, आपण बसून बघू.