यजमानांना शिडाच्या बोटीवर राहायचे आहे. मी काय करू?

प्रश्न: माझे वय ५२, यजमानांचे ५७. उद्यमबागेत आमचे मशीन शॉप आहे, ते आता मुलगा पाहतो. गेली काही वर्षे यजमान रोज रात्री मोबाइलवर शिडाच्या बोटीतून बेटाबेटांवर फिरणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ पाहत बसतात. परवा जेवताना त्यांनी सांगून टाकले, की खानापूर रोडवरचा प्लॉट विकून कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर एक जुनी ३४ फुटी बोट घ्यायची आणि दर वर्षी थंडीचे सहा महिने दोघांनी तिच्यावर काढायचे. मला पोहता येत नाही. घरी ८१ वर्षांच्या सासूबाई आहेत. आपल्यासारख्या घाटमाथ्यावरच्या माणसांचा समुद्राशी काय संबंध, असे म्हटले तर म्हणाले, "तुला काही करायचे नाही, तू फक्त बरोबर बस." मी नकार दिला, तर त्यांचे स्वप्न मोडल्याचा ठपका जन्मभर माझ्यावर राहील. मार्ग सुचवावा.
— एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींपैकी मला खरी भीती वाटली ती यजमानांच्या "तू फक्त बरोबर बस" या वाक्याची. इतके व्हिडिओ पाहूनही त्यांतली बायको दिवसभर काय करत असते, तिकडे त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

बोट नांगरण्याचेच उदाहरण घ्या. संध्याकाळी एखाद्या बेटाच्या आडोशाला बोट थांबवायची असते, तेव्हा एक जण पुढच्या टोकाला उभा राहून नांगर आणि साखळी सोडतो, दुसरा मागे सुकाणू आणि इंजिन सांभाळतो. पाच मीटर खोल पाण्यात निदान पंचवीस मीटर, वारा वाढणार असेल तर त्याहूनही अधिक साखळी सोडावी लागते. मग इंजिन हळूच उलटे चालवून नांगराने तळाची वाळू घट्ट धरली आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. वारा आणि इंजिन यांच्या आवाजात पुढच्याचे बोलणे मागच्याला ऐकू येत नाही, त्यामुळे दोघेही ओरडू लागतात आणि शेजारच्या बोटींवरचे लोक चहा पीत तो संसार पाहत बसतात. म्हणून जाणती जोडपी हाताच्या खुणा आधीच ठरवून घेतात. या कामात "फक्त बसलेली" बायको चालत नाही, कारण रात्री वारा फिरून नांगर घसरू लागला, तर बोट खडकावर जाण्यापूर्वी दोघांनाही अंथरुणातून उठून आपापल्या जागी पोहोचावे लागते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे माणूस पाण्यात पडणे. ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने चाललेली बोट एका मिनिटात सुमारे दीडशे मीटर पुढे निघून जाते आणि लाटांमध्ये माणसाचे डोके तेवढ्या अंतरावरून दिसेनासे होते. यजमान पडले, तर बोटीवर तुम्ही एकट्या उराल. त्या क्षणी शिडे आवरणे, इंजिन सुरू करणे, बोट वळवून त्यांच्यापर्यंत नेणे आणि रेडिओवरून मदत मागणे, हे सर्व तुम्हालाच करावे लागेल. तुम्हाला पोहता येत नाही याची तुम्हाला लाज वाटते आहे असे पत्रावरून जाणवते. गोवावेसच्या जलतरण तलावावर जाऊन पोहायला अवश्य शिका, बावन्न हे काही त्यासाठी फार वय नाही. परंतु चालत्या बोटीवर जीव वाचतो तो मुख्यतः लाइफ जॅकेटमुळे आणि हार्नेसचा, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांचा, दोर बोटीला अडकवलेला असल्यामुळे. बोट हाताळता न येणारी जोडीदारीण बरोबर असणे हा यजमानांच्या स्वतःच्या जिवाला धोका आहे, ही गोष्ट त्यांना याच शब्दांत सांगा.

त्यांची कल्पना मुळातच वेडगळ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ग्रेनाडापासून उत्तरेकडे कॅरियाकू, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुसिया अशी बेटांची माळच आहे आणि बहुतेक ठिकाणी सकाळी निघून संध्याकाळी पुढच्या बेटावर पोहोचता येते. हिवाळ्यात तेथे पूर्वेचे व्यापारी वारे जवळजवळ नेमाने वाहतात. ग्रेनाडा आणि सेंट व्हिन्सेंट येथे भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. सेंट लुसियाच्या पुढचे मार्टिनिक बेट फ्रान्सच्या ताब्यात असल्यामुळे तेथे लागतो. मात्र १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्या भागातला चक्रीवादळांचा काळ असतो आणि तेव्हा रिकामी बोट कोठे ठेवायची, हा प्रश्न यजमानांनी सोडवलेला आहे का, ते विचारा. ग्रेनाडा वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्यामुळे सुरक्षित आहे, असे ते कदाचित सांगतील. याच बेटाची सप्टेंबर २००४ मध्ये इव्हान वादळाने दाणादाण उडवली होती, आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ थेट कॅरियाकूवर आदळले, तेव्हा तेथे आसऱ्याला बांधून ठेवलेल्या कितीतरी बोटींचा चुराडा झाला.

राहणीविषयी थोडक्यात सांगते. अशा बोटीवर पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि अंघोळीचे मिळून साधारण दोन-तीनशे लिटर पाणी असते, म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या टाकीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब ठेवून घर चालवलेल्या बेळगावच्या बाईला ते जमेल. यजमानांना जमेल की नाही, याची मला अधिक शंका आहे. खाऱ्या हवेने पंप, तारा, इंजिन यांत सतत काहीतरी बिघडत असते, तेथे मात्र मशीन शॉप चालवलेल्या माणसाचा हात उपयोगी पडेल, हे त्यांच्या बाजूने मान्य करायला हवे.

घाटमाथ्याचा आणि समुद्राचा काय संबंध, असे तुम्ही म्हणता. आपल्या खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात उगम पावणाऱ्या नदीचे नाव घेतलेल्या 'म्हादेई' या नौदलाच्या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघालेल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन नौदल अधिकारी स्त्रियांनी तर दोघींच्याच बळावर 'तारिणी' नौका जगाभोवती फिरवून २९ मे २०२५ रोजी परत आणली. हे मी तुम्हाला स्फूर्ती देण्यासाठी लिहीत नाही. त्या दोघींनी निघण्यापूर्वी कित्येक वर्षे शिक्षण घेतले होते आणि त्यांच्यात 'बरोबर बसणारी' कोणी नव्हती, एवढे यजमानांच्या नजरेस आणून द्यावे म्हणून लिहिते.

सासूबाईंची काळजी तुम्ही पत्रात केली आहे, यजमानांनी ती केलेली दिसत नाही. त्या त्यांच्या आई आहेत. सहा महिने त्यांच्याजवळ कोण राहणार, रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कोण काढणार, याची व्यवस्था त्यांनी स्वतः सासूबाईंशी आणि मुला-सुनेशी बोलून लावावी. सून ते सगळे करील, असे तुम्ही गृहीत धरू नये, यजमानांनी तर मुळीच नाही.

तुम्ही आज नकारही देऊ नका आणि होकारही देऊ नका. पावसाळा संपला की दोघांनी चोर्ला घाट उतरून गोव्याला जावे. पणजीजवळ राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तेथे आणि गोव्यातल्या इतर शिडाच्या बोटींच्या क्लबांत प्रौढांसाठी कोणते वर्ग चालतात याची चौकशी करून दोघांनीही नाव घालावे. यजमानांनी एकट्याने नाही, आणि शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळ्या बोटींवर, कारण नवऱ्याकडून बोट शिकणे हे नवऱ्याकडून मोटार शिकण्याहून अवघड असते. तेथे तुम्हाला मळमळेल; पुष्कळांना दोन-तीन दिवस होते आणि मग शरीर सरावते, काहींचे मात्र कधीच सरावत नाही. तुम्ही त्यांपैकी कोणत्या, हे घरी बसून कळणार नाही. त्यानंतर एखाद्या हिवाळ्यात आठवडाभर कप्तानासह भाड्याची बोट घेऊन पाहावी, तिचा खर्च प्लॉटच्या किमतीपुढे काहीच नाही. एवढे करून तुम्ही "मला हे नको" म्हणालात, तर तो स्वतः सुकाणू धरून पाहिलेल्या बाईचा नकार असेल आणि त्याचा ठपका तुमच्यावर कोणी ठेवू शकणार नाही. यजमानांना तरीही जायचे असेल, तर बरोबर दुसरा तयार गडी घेऊन त्यांनी महिनाभर जाऊन यावे. एका माणसाचे स्वप्न पुरे व्हायला दुसऱ्याने सहा महिने बोटीत बसलेच पाहिजे, असा काही नेम नाही.

पैशाचे म्हणाल, तर बोटीच्या किमतीच्या सुमारे एक दशांश एवढा खर्च दर वर्षी देखभालीला धरावा, असा बोटवाल्यांचा जुना अंदाज आहे, आणि जुनी बोट त्याहून अधिकही खाते. प्लॉट वडिलोपार्जित असेल तर मुलांच्या हक्काचाही प्रश्न येतो, तो वकिलाला विचारा. तोवर कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि दलाल घरी आलाच, तर दिवाळीनंतर या म्हणून सांगा.